ताटावरचा चतकोर

१

माझ्या नावानं कुणीतरी परस्पर "हो" म्हणून आलं आहे. जाण्याआधी मला विचारलं नाही, आल्यावर सांगितलंही नाही. बाईचा होकार म्हणजे खुंटीला टांगलेली पिशवी, ज्याला बाजारात जायचं त्यानं काढून न्यावी, असंच तुम्हाला वाटत आलं असणार. एका शब्दानं काय झिजतंय, असंही वाटलं असेल. तर ऐका. ज्या तोंडाच्या वतीनं तुम्ही तो शब्द दिलात, त्या तोंडाला तेव्हापासून मिसरीची चव आहे. जळक्या तंबाखूची, राखेची, आणि तिच्याखाली दुसऱ्या कुणाच्या तरी थुंकीची. दिवसातून कितीदा दात घासते ते विचारू नका. मी जन्मात कधी मिसरी लावलेली नाही.

तो दिवस मात्र फार सुंदर उगवला होता. हे लिहिताना मला त्याचाच जास्त राग येतो.

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. लग्नाच्या वाढदिवशी मी आणि रविकांत पूर्णेहून सकाळच्या गाडीनं परभणीला जातो आणि दिवसभर एकही कामाची गोष्ट करत नाही. तो पूर्णेला रेल्वेच्या सिग्नल खात्यात आहे. मी तिथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते. परभणी हे आमच्या कॉलेजचं गाव. तिथंच वक्तृत्व स्पर्धेत मी त्याला हरवलं, तिथंच त्यानं मला पहिल्यांदा चहा पाजला आणि तिथंच आमचं पहिलं भांडण झालं, चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून.

जानेवारी होता. खिडकीतून कोवळं ऊन थेट मांडीवर येत होतं. बाहेर ज्वारी निसवलेली, हरभऱ्यावर दव.

"आज भाषण न्हाई हं," रवी म्हणाला. "आज तू मास्तरीण न्हाईस."

"मग कोण आहे?"

"बायको. एक दिवस सहन कर."

मी हसले. हसता हसता माझ्या लक्षात आलं की सकाळपासून बोरीहून फोन आला नव्हता. माझी सासू, वच्छलाबाई, दरवर्षी या दिवशी न चुकता फोन करायची. मी त्यांना आत्या म्हणायचे. त्यांचं बोलणं ठरलेलं असायचं: "आज तरी त्येच्या ताटात जेव गं बाई. वरसाचा दिस हाय." मी म्हणायचे, "बघू आत्या." आणि फोन ठेवल्यावर मी आणि रवी खदखदून हसायचो.

आत्या गेल्या उन्हाळ्यात वारल्या. फोन कुठून येणार?

२

गांधी पार्कजवळच्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात पुरीभाजी मागवली. दोन ताटल्या. टेबलावर उन्हाची पट्टी पडली होती आणि तीत पुरीची वाफ दिसत होती. रवी त्याच्या साहेबाची नक्कल करत होता, मी तोंडात घास असताना हसत होते. असं सगळं चाललेलं असताना मला ते दिसलं.

रवीनं ताटलीच्या एका कोपऱ्यात थोडी भाजी शिल्लक ठेवली. अर्धी पुरी तोडून भाजीवर पालथी घातली. तिच्या कडा अंगठ्यानं दाबल्या. मग बोलणं न थांबवता, माझ्याकडे न बघता, ताटली दोन बोटं माझ्या बाजूला सरकवली.

मला ओळखायला क्षणही लागला नाही. बोरीच्या घरात रोज दोन्ही वेळेला मी हे पाहिलं आहे.

माझे सासरे, सुग्रीवमामा, असंच करतात. जेवण संपत आलं की ताटात थोडं कालवण ठेवायचं, त्यावर भाकरीचा चतकोर झाकणासारखा पालथा घालायचा, आणि उठायचं. ते बायकोसाठी. सगळ्यांची जेवणं झाली, भांडी गोळा झाली की आत्या नऊवारी लुगड्याचा पदर डोक्यावर ओढून चुलीजवळ उकिडव्या बसायच्या आणि त्याच ताटात जेवायच्या. चतकोरानं ताट पुसून घ्यायच्या. मग चार बोटं कडेकडेनं फिरवून चाटायच्या. ओल्या बोटाचा स्टीलवर होणारा तो किर्र आवाज मला शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. शेवटी ताटात पाणी ओतून, हिसळून, ताट तोंडाला लावून पिऊन टाकायच्या. त्या पाण्यात मामांच्या मिशीचा केस तरंगताना मी पाहिला आहे. तो केसही आत गेला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला रवीच्या ताटात बसवायला निघाले होते. सगळ्या बायका गोल करून उभ्या. मी नाही म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. घरात अशी शांतता पसरली की गोठ्यातली म्हैस रवंथ करताना ऐकू यावी. तेव्हा रवी उठला, स्वतः फडताळातून दुसरं ताट काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. त्या ताटाचा खण्ण आवाज, माझ्या दृष्टीनं तेच आमचं लग्न. बाकीचे विधी भटजींचे होते.

आत्या माझ्यावर कधी चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर सोपं होतं. भांडी घासताना एकदा हळूच म्हणाल्या होत्या, "तुला किळस येती, दिसतंय मला. पर त्येच्या ताटातलं लय ग्वाड लागतंय बाई. एक डाव खाऊन तर बघ." त्यांच्या दातांच्या फटी मिसरीनं काळ्या होत्या आणि बोलताना तो वास माझ्या तोंडावर येत होता. मला त्यांची कीव करायची होती, तसं शिकले होते. पण प्रत्यक्षात मला फक्त मळमळलं.

"हे काय?" मी रवीला विचारलं.

"काय?"

"पुरी."

त्यानं ताटलीकडे पाहिलं. "पोट भरलं. काय बघायलीस एवढं? चल, ऊन चढायच्या आत बाजार बघू."

३

रस्त्यावर आलो आणि मला आठवलं, गॉगल टेबलावर राहिला. रवी पानटपरीपाशी थांबला, मी एकटी परत आत गेले.

टेबल अजून कुणी आवरलं नव्हतं. माझी ताटली तशीच होती. बाजूला काढलेल्या मिरच्या, अर्धवट कांदा, सगळं जागच्या जागी. माझा गॉगलही होता. रवीची ताटली मात्र लख्ख होती.

धुतलेली नव्हती, चाटलेली होती. तेलाच्या पातळ थरातून चार बोटांच्या रेघा कडेनं गोल फिरल्या होत्या. आणि काठावर, जिथं ताटली धरतात तिथं, अंगठ्याएवढा काळा डाग होता. मी वाकून पाहिलं. वाकायला नको होतं. जळक्या तंबाखूचा वास आला.

मी विचार करणारी बाई आहे. माझ्या वर्गात मुलं अंगात येण्याच्या गोष्टी सांगतात तेव्हा मी फळ्यावर रकाने पाडून कारणं लिहून घेते. म्हणून तिथं उभ्या उभ्या मी कारणं शोधली. कुणी भुकेलं माणूस आत शिरलं असेल. हॉटेलातल्या कुणीतरी, मालकाची नजर चुकवून, ते खाल्लं असेल. तसं असेल तर किळस न येता लाज वाटायला हवी, की या शहरात कुणाला उष्टं खावं लागतं. मी स्वतःला लाज वाटून घेण्याचा प्रयत्न केला.

पण भुकेल्या माणसानं माझ्या ताटलीतली अख्खी पुरी का सोडली असती?

४

कच्छी बाजारात गर्दी होती. ऊन आता पाठीवर छान लागत होतं. रवीनं माझा हात धरला होता, जे तो बोरीत आणि पूर्णेत कधीच करत नाही. आम्ही कापडं बघितली, घेतली नाहीत. त्यानं एका दुकानात एक विचित्र टोपी डोक्यावर घातली आणि विचारलं, "कसा दिसतो?" मी म्हणाले, "हरवलेल्या माणसासारखा." दुकानदारही हसला. दिवस पुन्हा रुळावर आला असं मला वाटलं.

भांड्यांच्या दुकानांच्या ओळीतून जाताना तो आवाज आला. किर्र. ओलं बोट, कोरडं स्टील. मी वळून पाहिलं. दुकानात ताटांच्या चळती उन्हात चमकत होत्या आणि गल्ल्यावर मालक पेपर वाचत होता. पुन्हा आवाज आला, थोडा पुढच्या दुकानातून. मग त्याच्या पुढच्या. आम्ही चालू तसा तो चालत होता, घाई न करता.

"रवी, ऐकू येतंय?"

"काय? हॉर्न?"

लस्सीच्या दुकानात मी दोन बोटं वर करून दोन लस्सी मागितल्या. एकच ग्लास आला. रवीपुढं ठेवला गेला.

"दोन सांगितल्या होत्या," मी म्हणाले.

लस्सीवाला गोंधळला. "साहेब म्हणले ना, एकच द्या, घरचे मागून त्यातलीच घेतील म्हणून."

"मी?" रवी म्हणाला. "मी तोंड तरी उघडलं का?"

"आता... तुमीच म्हणले की राव."

रवी हसून म्हणाला, "मामा, दुपारचीच घेतलाव का काय?" आणि ग्लास तोंडाला लावला. मी त्याच्या गळ्याकडे बघत राहिले. घोट उतरत होते. दोन बोटं लस्सी राहिली तेव्हा तो थांबला. त्यानं वरची साय बोटानं ओढून राहिलेल्या लस्सीवर नीट पसरली आणि ग्लास माझ्यापुढं ठेवला. काठाला त्याच्या ओठाचा पांढरा ठसा होता. सायीत एक बुडबुडा होता, तो थुंकीचा होता की लस्सीचा, कळत नव्हतं. अकरा वर्षं मी या माणसाचं चुंबन घेत आले आहे. तरी त्या बुडबुड्याकडे बघून माझ्या जिभेखाली आंबट पाणी सुटलं.

मी ग्लास उचलला, बाहेर आले आणि गटारीत ओतला.

"च्च," माझ्या कानामागं कुणीतरी केलं.

अन्न वाया गेल्यावर म्हाताऱ्या बायका करतात तसं. तक्रार नव्हती त्यात, हळहळ होती. मागं फक्त भिंत होती. भिंतीवर ऊन होतं.

५

राजगोपालाचारी बागेत लिंबाखाली बसलो. दुपारची शांतता होती. पलीकडं दोन म्हातारे पत्ते खेळत होते. रवीनं पेरू घेतला होता, तिखट-मीठ लावून चार फोडी केलेला. मी त्याच्या हाताकडेच बघत होते. त्यानं एक फोड उचलली, टोकाचा घास घेतला आणि ती माझ्या तळहातावर ठेवली. फोडीवर त्याच्या दातांची नक्षी होती, ओली, चमकणारी.

मी ती फेकली. "काय चाललंय तुझं? सकाळपासून?"

"मी कुठं काय करायलोय?"

"पुरी झाकलीस. साय झाकलीस. आता हे. तुझ्या बापासारखं करतोयस तू."

तो गप्प झाला. रवी खोटं बोलतो तेव्हा बोलत राहतो. गप्प बसला की काहीतरी खरं असतं. मला एकदम घाट आठवला.

आत्यांच्या दहाव्याला सगळे गंगाखेडला गेलो होतो. मी झाडाखाली बायकांमध्ये उभी होते. खाली पाण्याच्या कडेला पिंड मांडला होता आणि कावळा शिवत नव्हता. झाडावर बसला होता, खाली येत नव्हता. उन्हाचा कहर. मृताची काही इच्छा राहिली असली की असं होतं म्हणतात. मग एकेकानं पुढं होऊन कबूल करायचं असतं. मामा म्हणाले, म्हैस विकणार न्हाई. नणंद म्हणाली, माहेरपण नको, पण तू जा. भटजी बेजार झाले होते. मी मनात म्हणत होते, त्याला भूक लागली की येईल. शेवटी रवी गुडघ्यावर बसला, पिंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटला. तो उठून उभा राहायच्या आत कावळा खाली होता.

त्या दिवशी मी विचारलं नाही. मूर्खपणाच्या तपशिलात मला रस नव्हता.

"घाटावर काय म्हणालास?" मी आता विचारलं.

"प्रियंका, सोड ना."

"रवी."

तो तिखट-मिठाच्या कागदाची घडी करत राहिला. "म्हणलं, आई, जा तू आता. येत्या लग्नाच्या वाढदिवसाला प्रियंका माझ्या ताटात जेवंल."

बागेतला सगळा आवाज लांब गेल्यासारखा झाला.

"तू माझ्या वतीनं शब्द दिलास?"

"कावळ्याला दिला गं! सगळे उन्हात होरपळायले होते, बाबांना चक्कर यायली होती. तिची एवढी एकच गोष्ट राहिली होती, सगळ्यांना माहीत होतं. नुसता शब्द होता."

"नुसता शब्द. अकरा वर्षांपूर्वी मी 'नाही' म्हणाले होते, तोही नुसता शब्दच होता. तू त्यासाठी ताट आणून दिलं होतंस."

मला रडायचं नव्हतं, मला त्याला मारायचं होतं. हातावर पेरूचा चिकट रस वाळला होता आणि मी तो लिंबाच्या खोडावर घासत राहिले. हा माणूस नाही म्हणणाऱ्या बाईच्या बाजूनं उभा राहिला म्हणून मी त्याच्याबरोबर आयुष्य काढायचं ठरवलं. आता तोच माणूस तिला न विचारता, तिच्या तोंडात दुसऱ्याचा घास कबूल करून आला होता. भूतबीत राहू द्या बाजूला. हेच पुरेसं घाणेरडं होतं.

"परत घे," मी म्हणाले. "आत्ता जेवायला बसू तेव्हा, मोठ्यानं. आणि ताट स्वतः पुसून संपव. एक शीतसुद्धा ठेवायचं नाही."

"घेतो," रवी म्हणाला. "माझ्या आईशप्पथ."

मग आपण काय बोललो ते कळून त्यानं जीभ चावली.

६

वसमत रोडवर पंचफुला मावशींची खानावळ आहे. पत्र्याचं छप्पर, चार टेबलं, आणि समोरच चूल. मावशी भाकरी थापता थापता सगळ्यांच्या ताटावर नजर ठेवतात. कॉलेजच्या दिवसांपासून आम्ही तिथं जातो. कुणाला मागून जास्तीचं वाढल्याशिवाय त्या सोडत नाहीत. नावं त्यांना आठवत नाहीत, कोण किती भाकरी खातं ते आठवतं.

दोन ताटं आली. पिठलं, वांग्याची भाजी, ठेचा, भाकरी. मी माझ्या ताटाला हात लावला नाही. पहिल्यांदा मला त्याचं ताट रिकामं झालेलं बघायचं होतं.

रवीनं आजूबाजूला पाहिलं, आणि लाजत, पण स्पष्ट, म्हणाला, "आई, मी शब्द परत घेतला. तो माझा द्यायचा नव्हता."

काही झालं नाही. पत्र्यातल्या भोकांतून उन्हाचे ठिपके टेबलावर पडले होते, ते तसेच होते. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. त्या क्षणी मी त्याला माफ करायच्या बेतात होते.

तो जेवला. मन लावून जेवला. शेवटच्या तुकड्यानं ताट पुसलं आणि मला दाखवलं. "बघ. आरसा."

"अहो साहेब, असं कसं!" म्हणत मावशी आल्या आणि नको नको म्हणेस्तोवर त्याच्या ताटात पळीभर पिठलं आणि गरम भाकरी टाकून गेल्या.

रवी माझ्याकडे बघून ओशाळं हसला आणि पुन्हा खायला लागला. तीन चतुर्थांश भाकरी गेली. मग त्याचं चावणं मंदावलं. त्याचा हात, मी सांगते, त्याचा हात त्याच्यापासून वेगळा झाल्यासारखा पुढं गेला. राहिलेला चतकोर उचलला, पिठल्यावर पालथा घातला, कडा दाबल्या.

रवी आपल्या बोटांकडे बघत होता.

"मी न्हाई ठेवला," तो म्हणाला. "प्रियंका, मी न्हाई."

आणि वास आला. चूल, भाकरी, ठेचा या सगळ्यांच्या वरून, माझ्या खुर्चीच्या अगदी जवळून. राख आणि तंबाखू. मी उठले आणि मागच्या बेसिनकडे धावले.

७

बेसिनच्या वर छोटा आरसा होता. त्याच्या कडेला बायकांनी हात धुताना चिकटवलेल्या टिकल्या होत्या, लाल, मरून, काही जुन्या, काळवंडलेल्या. मी नळ सोडला, ओकारी काढली. काहीच पडलं नाही. तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले तेव्हा आरशात माझ्या खांद्यावरून आमचं टेबल दिसत होतं.

रवी टेबलाशी होता. त्याच्यासमोर, माझ्या खुर्चीत, कुणीतरी जेवत होतं.

आरसा माझ्या नखाएवढ्या डागांनी भरलेला होता, मान्य. माझे डोळे ओले होते, तेही मान्य. मला खाली घातलेलं डोकं दिसत होतं आणि डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर. कोपर भराभर हलत होतं. कुणी हाक मारायच्या आत आटपायचंय अशा घाईनं ते खाणं चाललं होतं. नळ चालू होता तरी मला ऐकू येत होतं. किर्र. किर्र. कडेकडेनं. मग पाणी ओतल्याचा आवाज. ताट हिसळल्याचा. दोन्ही हातांनी ताट वर उचललं गेलं, तोंडाला लागलं. ताटानं चेहरा पूर्ण झाकला होता. गळा दिसत होता, घोट उतरत होते.

ताट हळूहळू खाली यायला लागलं.

मी डोळे मिटले. जन्मभर मुलांना सांगत आले, डोळे उघडे ठेवा, नीट बघा. आणि मी मिटले.

पुन्हा उघडले तेव्हा मी नळ बंद करत होते. खुर्ची रिकामी होती.

मी टेबलापाशी गेले. माझं ताट तसंच होतं, पिठल्यावर साय धरलेली. रवीचं ताट कोरडं, चकचकीत. रवी माझ्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते.

"थँक्यू," तो म्हणाला. "तुला किती किळस आली असंल, मला माहितीय. पण झालं बघ. सुटलो आपण."

"काय झालं?"

"खाल्लंस ना तू."

"मी बेसिनपाशी होते, रवी."

"तेवढंच गं, चूळ भरून आलीस की लगेच. मग इथं बसून..." तो हसायला लागला आणि मधेच थांबला. "चेष्टा नको करू."

मी माझे हात बघितले. आत्ताच धुतले होते, अजून पाणी ठिबकत होतं. उजव्या हाताच्या चारही नखांत पिवळं पिठलं होतं. आणि जिभेवर, दातांच्या मागं, टाळ्यापर्यंत, ती चव होती. सगळ्यात घाण काय ते सांगते. ती गोड होती.

नाही. मी टेबलाशी परत गेले नव्हते, बसले नव्हते, खाल्लं नव्हतं. एवढी एकच गोष्ट माझी होती. नवऱ्याला विचारून उपयोग नव्हता, त्याला सुटायचं होतं. मी चुलीकडे वळले. मावशी समोरच बसल्या होत्या, पूर्ण वेळ, आमच्याकडे तोंड करून. मी कुर्त्याला हात पुसले आणि विचारलं, "मावशी, तुम्ही इथंच होता. खरं सांगा, ह्यांच्या ताटात कोण जेवलं?"

मावशींनी तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे कौतुकानं पाहिलं.

"कोन म्हंजी? तुमीच की. लय बरं वाटलं बगून, आजकाल नवऱ्याचं ताट असं निपटून कोन खातंय? पर ताई, मघाशी लुगडं नेसलेलं हुतं न्हवं तुमी?"